जमादारांकडच्या एकेचाळीस वाट्या

रविवारी दुपारी चारच्या सुमारास रामलिंग गच्चीवर वाळत घातलेल्या मिरच्या गोळा करायला गेला आणि मिरच्या तशाच टाकून, कठड्याआड उकिडवा बसून शेजारच्या अंगणात डोकावू लागला. पन्नाशीला आलेल्या माणसाने असं डोकावणं बरं नव्हे, हे त्यालाही कळत होतं. पण खाली जे चाललं होतं ते पाहून त्याला तिथून उठवेना.

खाली शेषेराव जमादार बाजेवर बसले होते. समोर चादरीवर स्टीलच्या वाट्या, ताटल्या, दोन-तीन झाकणाचे डबे, सगळे ओळीने उन्हात मांडलेले. जमादार एकेक वाटी उचलत, फडक्याने पुसत, जाड भिंग डोळ्याला लावून वाटीवरचं नाव वाचत आणि ओठातल्या ओठात पुटपुटून ती अलगद जागेवर ठेवत.

हे नाव वाचणं रामलिंगच्या चांगलंच ओळखीचं होतं. आपल्याकडे भांडं घरात आलं की त्यावर नाव घातल्याशिवाय त्याला कुणी हात लावत नाही. कुणी दिलं, कुणाला दिलं, लग्नात की बारशात, गाव कोणतं, तारीख कोणती, सगळं त्या टिंबाटिंबांच्या अक्षरांत कोरलेलं असतं. पुढे भांडं पोचे येऊन मोडीत जातं आणि नावही त्याबरोबर जातं. रामलिंगचा जीव त्या नावांवर होता. अहमदपूरच्या एका कॉलेजात तो प्रयोगशाळेत मदतनीस होता आणि दर शनिवारी मोंढ्यातल्या बसलिंगप्पाच्या मोडीच्या दुकानात बसून भांडी उलटीपालटी करून वाचायचा. आवडलं ते विकत आणायचा. एका तांब्यावर तर ‘भुजंग पाटील यांचा आहे, नेल्यास परत द्यावा’ असं कोरलेलं होतं, आणि तो तांब्या हाती आल्यावर रामलिंगला दोन दिवस जेवण सुचलं नव्हतं. अशी त्रेसष्ट भांडी त्याच्या पलंगाखालच्या पेटीत होती.

पलंगाखाली, कारण बायको सिंधुचा हुकूम तसा होता. “परक्याच्या नावाचं भांडं घरात सापडलं तर लोक त्याला छंद म्हनत न्हाईत,” ती म्हणायची, “चोरी म्हनतेत. अन् तुमचा चेहरा तर आधीच पकडल्यासारखा असतोय.” ते खरंच होतं. रामलिंग भित्रा होता. वीस वर्षांत ती पेटी त्याने कुणालाही उघडून दाखवली नव्हती. दाखवावी असं फार वाटायचं. एखादं नाव हाती आलं की ते कुणाला तरी वाचून दाखवल्याशिवाय चैन पडू नये, आणि घरात ऐकणारं कुणी नसावं, ही तकलीफ ज्याची त्यालाच माहीत.

आणि आता भिंतीपलीकडे, हाकेच्या अंतरावर, त्याच छंदाचा माणूस बसलेला होता!

फक्त तो माणूस शेषेराव जमादार होता. वय एक्क्याऐंशी. पोलिसात चाळीस वर्षं, जळकोटपासून माहूरपर्यंत नोकरी. मिशा अजून ड्युटीवर असल्यासारख्या. तीन वर्षांपूर्वी त्यांची बायको पार्वतीबाई गेली, तेव्हापासून एकटेच. गल्लीत ते कुणाशी बोलत नसत. रामलिंगने या तीन वर्षांत त्यांना शेकडो वेळा नमस्कार केला होता आणि दर वेळी “हूं” एवढंच उत्तर मिळालं होतं. त्या हूंनेसुद्धा त्याला घाम फुटायचा.

तो रात्रभर नव्हे, पण पाऊण तास तरी त्या मिरच्यांत बसून विचार करत राहिला. जावं तर भीती, न जावं तर हळहळ. समजा आपण गेलो आणि पेटीची गोष्ट काढली, आणि जमादारांना ती छंदाची न वाटता मुद्देमालाची वाटली तर? निवृत्त झाला म्हणून पोलिसाचं नाक काही निवृत्त होत नाही. गल्लीभर बोभाटा होईल, कॉलेजात कळेल, आणि बापाच्या वेळेपासून स्वच्छ असलेलं नाव एका संध्याकाळी मातीत जाईल. पण वीस वर्षांची भूक मोठी होती. शेवटी त्याने ठरवलं की तोंडाने काही बोलायचंच नाही. एक वाटी घेऊन जायची, जमादारांच्या हातात द्यायची. खरा शौकीन असेल तर नाव वाचून आपणच बोलेल.

पेटीतून त्याने सगळ्यांत देखणी वाटी काढली. आत तळाला बारीक अक्षरांत कोरलेलं होतं, ‘चि. कमलम्माच्या बारशास मामा वीरण्णा यांजकडून, उदगीर, १९७८.’ ती रुमालात गुंडाळून तो दबक्या पावलांनी स्वयंपाकघरावरून निघाला.

“कुठं?” सिंधुचा आवाज आला. ती चुलीकडे तोंड करून हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, ढवळत होती.

“जमादारकाकाकडं. उगंच. जरा.”

“हातात काय हाय?”

“वाटी.” खोटं बोलायचं त्याला सुचलंच नाही.

“रिकामी?” सिंधु वळली. तिचा चष्मा वाफेने धुरकट झाला होता. “रिकामी वाटी घेऊन कुनाच्या दारात जातेत व्हय? काय मागायला चाललात? आना इकडं.” आणि तिने वाटी ओढून घेतली, त्यात गरम गरम गव्हाची हुग्गी काठोकाठ भरली, वरून तूप सोडलं आणि त्याच्या हातात दिली. “सांडू नका. अन् वाटी आठवनीनं परत घेऊन या. माघारी म्हनू नका राहिली म्हनून.”

कमलम्मा, मामा वीरण्णा आणि उदगीर तिघेही हुग्गीखाली गेले. रामलिंगला बोलायची सोय नव्हती. आता जमादारांनी हुग्गी संपवल्याशिवाय नाव दिसणार नव्हतं, म्हणजे तेवढा वेळ त्यांच्यासमोर बसणं आलं. चटके सोसत तो शेजारच्या दारात उभा राहिला. घंटा वाजवायला बोट उचललं, खाली घेतलं, पुन्हा उचललं. तेवढ्यात दार आतूनच उघडलं.

“काय हाय?” शेषेरावांनी विचारलं. मग त्यांची नजर वाटीवर गेली आणि ते एक पाऊल मागे सरले. “नको.”

“जी?”

“नको म्हनलं. घेऊन जा माघारी.”

“काका, नुसती हुग्गी हाय.”

“मालूम हाय मला हुग्गी हाय. नको!”

दुसऱ्या कुठल्याही दिवशी रामलिंग तिथूनच पळाला असता. पण भीती पराकोटीला गेली की माणसाच्या तोंडून नको तेच निघतं. “काका,” तो म्हणाला, “मला तुमच्याशी त्या वाट्याबद्दल बोलायचं व्हतं. मी गच्चीवरून बघितलंय सगळं.”

जमादारांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी गल्लीत दोन्ही बाजूंना नजर टाकली, रामलिंगला दंडाला धरून आत ओढलं, दार लावलं आणि वर कडी घातली.

“बसा,” जमादार म्हणाले. तो बसला. ते समोर खुर्ची ओढून बसले. “कुनी पाठवलं तुमाला?”

“कुनी न्हाई, काका. शपथ.”

“किती जनाला ठावं हाय?”

“मला एकट्यालाच.”

“बायकोला सांगितलंत?”

“न्हाई, न्हाई. तिला कळलं तर ती माझंच डोकं फोडंल.” आता कबूल केलेलं बरं, या विचाराने त्याने डोळे मिटून सांगून टाकलं. “काका, माझ्याकडं बी हायत. पलंगाखाली. त्रेसष्ट.”

त्याने एक डोळा उघडला. जमादार त्याच्याकडे तोंड उघडं टाकून बघत होते.

“त्रेसष्ट?”

“हाव.”

“बायको असताना?”

“तिचा तर लई विरोध हाय, काका.”

“अरारा,” शेषेराव म्हणाले, आणि त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. “मला वाटत व्हतं मी एकटाच. माझ्या तर एकेचाळीसच हायत हो.” ते उठले आणि त्यांनी भिंतीतल्या कपाटाचं दार उघडलं.

रामलिंग भीती विसरला. वाट्यांवर वाट्या, सगळ्या लख्ख घासलेल्या, नावं बाहेर करून रचलेल्या. त्याने वरची वाटी उचलली. ‘सौ. पंचशीला आनंदराज यांच्या गृहप्रवेशास भावाकडून.’ पंचशीला म्हणजे समोरच्या घरातली, सरकारी दवाखान्यात नर्स असलेली. दुसरी वाटी. ‘महामाया.’ ही कोपऱ्यावरची. तिसरी. ‘सौ. सिंधुस, आईकडून, निलंगा.’

“काका,” रामलिंग हळूच म्हणाला, “ही तर आमचीच.”

“तुमच्या तीन हायत,” शेषेराव खाली मान घालून म्हणाले. “एक गेल्या दिवाळीची, दोन संक्रांतीच्या.”

मग म्हाताऱ्यानेच सगळं सांगितलं. पार्वतीबाई गेल्यावर गल्लीतून रोज काही ना काही यायला लागलं. आज आमटी, उद्या खीर. बाई जिवंत असताना तिचा एकच नियम होता, आलेली वाटी रिकामी परत करायची नाही. जमादारांना चहासुद्धा धड येत नव्हता. पहिल्यांदा त्यांनी वाटीत मूठभर साखर घालून दिली, तर दुसऱ्या दिवशी तीच वाटी पुरणाने भरून परत आली. “त्यांनी पुरन द्यायचं अन् म्या पुन्हा साखर? शरम वाटली,” ते म्हणाले. मग पुढची वाटी ठेवून घेतली, जमेल तेव्हा देऊ म्हणून. ती राहिली. तिच्यामागून दुसरी राहिली. “आता कोनी दारात आलं की मला वाटतंय वाट्या मागायला आलं. म्हनून बोलत न्हाई मी कुनाशी. चोराला बी इतकं भ्या नसंल. दर रविवारी घासून ठेवतो, नावं वाचून ध्यानात ठेवतो, कोनाची कोनती ती. एवढंच हातात हाय.”

म्हणजे ज्या हूंला गल्ली तीन वर्षं घाबरत होती, ते हूं स्वतःच घाबरलेलं होतं. रामलिंगला हसूही येईना आणि रडूही येईना. त्याला सोबती मिळाला नव्हता, हे मात्र त्याला समजलं, आणि त्याचं त्याला वाईट वाटलं.

तेवढ्यात घंटा वाजली.

“काका! मी पंचशीला. भरलेली वांगी आनलीत.”

जमादारांनी रामलिंगचं मनगट धरलं आणि त्याला कपाटाच्या दाराआड ओढलं. “गप बसा,” ते कुजबुजले. “थोड्या वेळानं जातीया ती.”

“पन काका, उघडून घ्या की.”

“म्हंजे बेचाळीस होतील!”

दोघं श्वास रोखून उभे राहिले. एक्क्याऐंशी वर्षांचा जमादार आणि पन्नास वर्षांचा मदतनीस, दारामागे एका नर्सला भिऊन. रामलिंगच्या एका हातात हुग्गी होती आणि दुसऱ्या हातात सिंधुची वाटी, आणि कोपर कपाटाच्या फळीला टेकलं होतं. ती फळी जुनी होती. आधी एक वाटी घसरली, मग तिच्यापाठोपाठ पाच, मग पुरी चळत. फरशीवर असा दणदणाट झाला की कोपऱ्यावरची कुत्री भुंकायला लागली. डब्यांची झाकणं तर बराच वेळ गरगरत राहिली.

“काका!” बाहेर पंचशीला किंचाळली. “अहो, या इकडं! काका पडले! आतून कडी हाय!”

मग पावलांचा आवाज, बायकांचा गलका, आनंदराजच्या, म्हणजे पंचशीलाच्या नवऱ्याच्या, खांद्याचा दारावर धक्का. “उघडतो, उघडतो,” असं जमादार म्हणत होते, पण त्या गलक्यात ते कुणाला ऐकू जात नव्हतं. तिसऱ्या धक्क्याला कडी निखळली आणि अर्धी गल्ली आत आली. सगळ्यांत पुढे पीठ लागलेल्या हातांनी सिंधु.

सगळ्यांनी पाहिलं. फरशीभर त्यांची स्वतःची नावं पसरलेली होती आणि मध्यभागी रामलिंग, पकडल्यासारख्या चेहऱ्याने, हातात वाटी घेऊन उभा होता.

“ही तर माझी वाटी,” कुणीतरी म्हणालं.

“अन् ही माझी.”

“रामलिंगभाऊ,” आनंदराजने सावकाश विचारलं, “हे काय करून राहिलात तुमी?”

वीस वर्षं रामलिंग ज्याला भीत होता तो क्षण हाच होता. खरं सांगितलं तर सुटका होती. पण त्याने शेजारी बघितलं. जमादारांचे डोळे फरशीला खिळले होते. आता त्या वाट्यांची गोष्ट बाहेर पडली असती तर म्हातारा पुन्हा कधी दाराबाहेर आला नसता. रामलिंग एक पाऊल पुढे सरकला.

“छंद हाय,” तो म्हणाला. “नावाची भांडी जमवायचा. माझा. माझ्या घरी त्रेसष्ट हायत, पेटीत. मोडीतून आनलेली. काकाला म्याच लावला हा नाद. म्हनून त्यांनी वाट्या ठेवून घेतल्या. माझी चूक हाय.”

सिंधुने कपाळावर हात मारला आणि पीठ तिथेच राहिलं. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. मग पंचशीलाने मोठा सुस्कारा सोडला.

“छंद व्हय! मग बरं झालं बाई. आमाला वाटायचं, काकाला आमच्या हातचं आवडत न्हाई अन् वाटीसकट फेकून देतेत. विचारायची छाती व्हत न्हवती. दर वेळी भीत भीत घंटा वाजवायचो.”

“थांबा,” शेषेराव म्हणाले. आवाज ड्युटीवरचा होता. “ही साक्ष खोटी हाय. ह्या मानसानं माझ्यापायी खोटी साक्ष दिली. छंद त्याचा खरा असंल, माझा न्हाई. मला सैपाक येत न्हाई. वाटी रिकामी कशी द्यावी म्हनून दिली न्हाई. तीन साल झाले. बस्स.”

“मग रिकामी द्यायची की काका!” पंचशीला म्हणाली. “आपल्यात कसलं आलंय?”

“रिकामी?” म्हातारा तिच्याकडे लहान मुलासारखा बघत राहिला. “पार्वती काय म्हनंल?”

महामाया पदराने डोळे पुसू लागली. बायकांनी वाट्या गोळा केल्या, पण न्यायला गेल्या तर जमादार दारात आडवे उभे राहिले. “एक बी वाटी हलवायची न्हाई,” ते म्हणाले. “भरून देतो. सगळ्यांच्या.” सांगण्याची पद्धत अशी होती की दोन बायका दचकून मागे सरकल्या. निघताना आनंदराज रामलिंगच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “त्रेसष्ट? दाखवा की राव एकदा.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रामलिंगच्या दारात शेषेराव जमादार उभे होते. तीन वर्षांत पहिल्यांदाच. अंगात इस्त्रीचा सदरा, हातात सिंधुची वाटी, वाटीत शिरा. बोटाला भाजल्याचा फोड आला होता. रामलिंगने त्यांना आत घेतलं.

“सिंधुबाई,” ते म्हणाले, “चाखून बघा.”

सिंधु गल्लीत तोंडाची फटकळ म्हणून मशहूर होती. सासूच्या हातच्या आमटीलाही तिने कधी सोडलं नव्हतं. तिने एक घास घेतला. थांबली. मग दुसरा घेतला. मग उभ्या उभ्या सगळी वाटी संपवली, आणि म्हातारा तिच्या तोंडाकडे टक लावून बघत राहिला.

“लई ग्वाड झालाय काका,” ती म्हणाली.

“खरं?”

“खोटं कशाला बोलू?”

जमादार ताठ झाले. मिशीवरून हात फिरवला, “मग समोर बी देऊन येतो, अजून चाळीस राहिल्यात,” असं म्हणून पायऱ्या उतरले. त्यांची पाठ वळताच सिंधु माठाकडे धावली आणि तांब्याभर पाणी घटाघट प्याली.

“कसा झालाय?” रामलिंगने विचारलं.

“जळका. अन् साखरंच्या जागी मीठ पडलंय.”

“मग सांगितलं का न्हाईस? तू, अन् गप बसलीस?”

“भ्याले मी,” सिंधु म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते, आणि ते नुसतं मिठाने नव्हतं. “बाई गेल्यापासून पैल्यांदा गॅस पेटवलाय त्या मानसानं. बिघडलाय म्हनलं असतं तर पुन्हा पेटवला असता व्हय?”

समोरच्या दारात घंटा वाजल्याचा आवाज आला. सिंधुने पदराने तोंड पुसलं, घाईघाईने फोन उचलला आणि गल्लीतल्या बायकांच्या ग्रुपवर अंगठ्याने टाइप करायला लागली. रामलिंगने मागून वाकून वाचलं. तिने लिहिलं होतं, “काका शिरा घेऊन येत आहेत. चांगला झालाय म्हणायचं. आणि ते जाईपर्यंत कुणीही पाणी मागू नका.”